किल्ली तुमच्याकडे असेल तर चर्चचा नंबरही ठेवा

महोदय,

तुमच्या मजल्यावर एखाद्या एकट्या ख्रिस्ती आजी राहत असतील, मुलं दुबईला नाहीतर कॅनडाला असतील आणि त्यांच्या घराची एक किल्ली तुमच्या खुंटीला टांगलेली असेल, तर हे पत्र तुमच्यासाठी आहे. मुंबईत अशा किल्ल्या पुष्कळ घरांत आहेत.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. लालबागला राहते, घरी दीड दिवसाचा गणपती असतो. गेली १७ वर्षं मात्र एका कॅथलिक चर्चच्या ऑफिसात क्लार्क आहे. नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "तिथे रोज बायबल वाचायला लावतात का गं?" तसलं काही कुणी लावलं नाही. बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरातलं टाकाने लिहिलेलं अक्षर वाचायला मात्र शिकले.

ऑफिसचा फोन दिवसभर वाजतो आणि दहातले आठ फोन दाखल्याचे. मुलाच्या शाळाप्रवेशाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा आणि तो आजच हवा. लग्नासाठी लागणाऱ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याचं तर विचारू नका. माणसाचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चच्या रजिस्टरात, त्याच्या नावासमोरच्या समासात, पुढे त्याचं लग्न झाल्याची नोंद चढते. म्हणून लग्नाच्या वेळी कपाटातला जुना दाखला चालत नाही, ताजा काढावा लागतो. शिवाय लग्नाआधी नवरा-नवरीची नावं चर्चमध्ये पुकारायची असतात. लोक आधी हॉल बुक करतात, केटररला आगाऊ रक्कम देतात आणि सगळ्यात शेवटी फादरांकडे येतात. मग आवाज चढतो. फादर नाहीत तोवर तो मी ऐकते.

फादरांचा दिवस पाचला सुरू होतो. पावणेसातची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, त्याआधी त्यांची स्वतःची प्रार्थना. ती दिवसातून ठरलेल्या वेळांना करावीच लागते, लोकांपुढे नव्हे, एकट्याने. नाश्ता होतो न होतो तोच शाळेचं काहीतरी, नाहीतर छताची गळती. पावसाळ्यात आमचे फादर धर्मगुरू कमी आणि मुकादम जास्त असतात. दुपारी मयत असेल तर दफनभूमी. संध्याकाळी एखादं जोडपं भांडण घेऊन येतं, दार बंद होतं आणि तासाभराने फादर बाहेर येऊन माझ्याकडे फक्त पाणी मागतात. कन्फेशनमध्ये, म्हणजे लोक फादरांपुढे आपल्या पापांची कबुली देतात तेव्हा, ऐकलेलं तर जीव गेला तरी सांगायचं नसतं. हो, आणि पैशांचं. दिवसाला दोन मिस्सा केल्या तरी एकाच मिस्सेची दक्षिणा स्वतःकडे ठेवता येते, असा त्यांचा नियम आहे. हे कळल्यावर मला आमच्या भागातले एक-दोन गुरुजी आठवले, पण ते असो.

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी दुपारी पाऊणच्या सुमाराला एक फोन आला. मराठी गृहस्थ होते, चाचरत बोलत होते. "आमच्या शेजारच्या आजी बऱ्या नाहीत. त्या फादर फादर करतायत. म्हणजे नेमकं काय करायचं असतं?" फादर एका मयताला गेले होते. ऑफिस एकला बंद होऊन चारला उघडतं. मी म्हणाले, चारनंतर फोन करा. त्यांनी बिचाऱ्यांनी बरोब्बर चार वाजून पाच मिनिटांनी केला. आजी गेल्या होत्या.

फादर लगेच गेले, प्रार्थना केली, अंत्यविधीही रीतसर झाला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तर फोनच्या डब्यावर सेलोटेपने चिठ्ठी चिकटवलेली. काळ्या स्केचपेनने स्वतःचा मोबाइल नंबर आणि खाली, "आजारी माणसाचा फोन असेल तर चारनंतर सांगायचं नाही. मला लावायचा."

तोवर मला वाटायचं, फादरांना बोलवायचं ते माणूस गेल्यावर, जसे आपल्याकडे गुरुजी बोलावतात. तसं नाही. त्यांच्यात आजारी माणसाला तेल लावण्याचा संस्कार असतो, कपाळाला आणि तळहातांना. तो जिवंत माणसाचाच होतो, गेलेल्याचा होत नाही. पूर्वी अगदी शेवटच्या घटकेला करत, म्हणून फादर जिना चढताना दिसले की लोक धसकायचे. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. आता मोठ्या ऑपरेशनच्या आधीही होतो, म्हातारपणाने थकलेल्यांनाही मिळतो. पण धसका अजून गेलेला नाही. घरची माणसंच म्हणतात, "फादरांना बघून पपा घाबरतील." मग बोलावतात तेव्हा उशीर झालेला असतो. शेजारी तर बोलवतच नाहीत, कारण त्यांना माहीतच नसतं.

तेव्हा आजी धडधाकट आहेत तोवरच विचारून ठेवा, तुमचं चर्च कुठलं? कॅथलिक आहात की प्रोटेस्टंट? प्रोटेस्टंट असतील तर त्यांचे पास्टर वेगळे असतात. नंबर किल्लीच्या जुडग्यालाच बांधून ठेवा. ऐन वेळी त्यांचं चर्च लागलं नाही, तर जवळच्या कुठल्याही कॅथलिक चर्चला लावा. जीव आहे की गेला अशी शंका असली तरी लावा, शंका असताना फादर तेल लावतात. घरात मेणबत्ती, क्रूस शोधत बसू नका. आमच्या फादरांच्या दाराशी एक छोटी पिशवी कायम टांगलेली असते. तिच्यात तेलात भिजवलेल्या कापसाची अंगठ्याएवढी डबी आणि विधीच्या वेळी फादर गळ्यात घालतात ती घडी घातलेली जांभळी पट्टी असते. बाकी लागतं ते एक स्टूल आणि वाटीभर पाणी. पेशंट हॉस्पिटलात असेल तर वॉर्डातल्या सिस्टरला आधी सांगून ठेवा, म्हणजे आत सोडायला खळखळ होत नाही.

आणि दाखला हवा असेल तर कृपा करून ऑफिसच्या वेळेत या. त्यासाठी रात्री साडेदहाला फादरांचा मोबाइल वाजवू नका.

मला अजून कुणी कुणी विचारतं, रात्री दीड वाजता फोन केला तर फादर चिडत नाहीत का? चिडतात की. पण चपला घालता घालता चिडतात.

आपली एक वाचक,
लालबाग, मुंबई
(नाव छापू नये, ही विनंती. नोकरी चालू आहे.)