भूमिपूजन आणि लोकार्पण यांच्या मधल्या बातम्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनाच्या काळात विदर्भाच्या अनुशेषावर नागपूरच्या वृत्तपत्रांत जेवढे छापून येते, तेवढे वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत मिळूनही येत नाही. मंत्रिमंडळ मुंबईला परतले की सिंचन, पुनर्वसन आणि ग्रामीण आरोग्य हे विषयही त्यांच्याबरोबर निघून जातात. विकासाची बातमी भूमिपूजनाला आणि लोकार्पणाला मिळते, मधल्या काळात मिळत नाही. आणि प्रकल्प बिघडतो तो नेमका या मधल्या काळात, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

गोसीखुर्दचेच पाहा. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. नंतर तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्येक सुधारित किमतीची बातमी आली, गैरव्यवहाराच्या आरोपांचीही आली. परंतु मुख्य कालव्यातले पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या छोट्या पाटचारीपर्यंत पोहोचते का, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला ते धानाच्या गर्भावस्थेत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी, मिळते का, याचा हंगामागून हंगाम पाठपुरावा करणारे वार्तांकन मोजकेच. आंभोऱ्याच्या नव्या पुलाची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. त्याच पुलाखालच्या जलाशयात आपल्याच शहराचे सांडपाणी नाग नदी आणि कन्हान यांच्या वाटेने येऊन मिळते, ही गोष्ट मात्र आतल्या पानावरच्या दोन परिच्छेदांत आटोपते.

‘अमुक कोटी मंजूर’ या मथळ्याचीही थोडी चिकित्सा व्हायला हवी. प्रशासकीय मान्यता मिळणे, अर्थसंकल्पात तरतूद होणे, निधी प्रत्यक्ष वितरित होणे आणि काम होऊन देयक निघणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ढोल वाजतात. एकाच रस्त्याचा निधी मान्यतेला, निविदेला आणि कार्यारंभ आदेशाला असा तीनदा ‘मंजूर’ झाल्याचे वाचून सामान्य वाचकाला वाटते की तिप्पट पैसा आला. प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापल्याने हे घडते, आणि ते लिहिणाऱ्यांची त्याला अर्थातच काही हरकत नसते.

विकास पत्रकारितेचा विचार साठच्या दशकात फिलिपिन्समध्ये रुजला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रेस फाउंडेशन ऑफ एशिया या मनिलातील संस्थेभोवतीच्या पत्रकारांना शेती, लोकसंख्या, अर्थकारण हे विषय अभ्यासून, पण लोकांना कळेल अशा भाषेत मांडायचे होते. पुढे १९७२ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारून वृत्तपत्रे बंद पाडली, आणि ‘विकासाला पूरक’ या नावाखाली सरकारची भलामण तेवढी उरली. अनेक नवस्वतंत्र देशांत हेच झाले. आपल्याकडे आणीबाणीत चार वृत्तसंस्थांची मोट बांधून ‘समाचार’ ही एकच संस्था केली गेली. लोकशाही आणि स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठ्या प्रमाणावर दुष्काळबळी सहसा जात नाहीत, हे अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन या संदर्भात फार मोलाचे आहे. मात्र सततच्या कुपोषणाकडे वृत्तपत्रांचे तितके लक्ष जात नाही, हेही त्यांनीच दाखवून दिले. मेळघाट त्याची साक्ष देतो.

तालुक्याच्या वार्ताहराला दोष देणे सोपे आहे. त्याला बहुधा पगार नसतो, मानधन असते. वर पुरवणीसाठी जाहिराती आणण्याचे उद्दिष्ट त्याच्याच गळ्यात असते. ज्या ठेकेदाराकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच कालव्याच्या अस्तरीकरणाला तडे गेल्याची बातमी त्याने द्यावी, ही अपेक्षा कितपत रास्त आहे? त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक व्यापक केला आहे. लाभार्थ्यांच्या याद्या मागणाऱ्याला यापुढे ‘वैयक्तिक माहिती’ हे उत्तर मिळण्याची शक्यता वाढली आहे. शेततळी, घरकुले यांच्या याद्या गावात जाऊन पडताळणे हा तर या पत्रकारितेचा पाया.

तरीही वृत्तपत्राला करता येण्यासारखे बरेच आहे. १९६९ मध्ये बी. जी. वर्गीज संपादक असताना ‘हिंदुस्तान टाइम्स’ने दिल्लीजवळच्या छातेरा या एकाच गावावर सातत्याने सदर चालवले होते. त्याहीपूर्वी, १९१० पासून, मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे पत्र नगर जिल्ह्यातील खेड्यातून कित्येक दशके चालवले. आज साधने अधिक आहेत. आपण गोसीखुर्द परिसरातल्या कुही किंवा पवनी तालुक्यातील एक गाव निवडून महिन्यातून एकदा त्याच गावाचा वृत्तान्त द्यावा, तेथे जाणाऱ्या वार्ताहराला प्रवासखर्च द्यावा आणि त्याला जाहिरातीच्या कामातून मोकळे ठेवावे. वाचक कंटाळतील ही भीती मला अनाठायी वाटते. क्रिकेटचा तोच तो धावफलक रोज वाचणारे आम्हीच आहोत.

आणि येत्या अधिवेशनाआधी गेल्या अधिवेशनात विदर्भासाठी झालेल्या घोषणांची यादी, प्रत्येकीपुढे आजवर वितरित झालेल्या रकमेसह, पहिल्या पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
धरमपेठ, नागपूर