शाब्दिक उदाहरणांत मांडणीलाही गुण हवेत

मा. संपादक,
सादर नमस्कार.

निफाड तालुक्यात माझे खते-बियाण्यांचे दुकान आहे. रब्बीच्या तोंडावर कांद्यासाठी खत घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर त्यांची दहावी-बारावी झालेली मुलेही येतात. त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून शालेय बीजगणिताविषयी जे सतत जाणवत आले आहे, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. समीकरण लिहून दिले तर ही मुले ते चटकन सोडवतात, पण समोरच्या व्यवहारातून ते समीकरण उभे करणे त्यांना जमत नाही, कारण शाळेत तेवढा भाग त्यांच्याकडून पुरेसा करून घेतलेलाच नसतो.

खताचेच उदाहरण घेतो. पिकासाठीच्या खताची शिफारस मुळात अन्नद्रव्यांच्या किलोंत असते आणि शेतकऱ्याला मात्र गोण्या विकत घ्यायच्या असतात. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ५० किलो पालाश (पोटॅशियम) ही आमच्या भागात नेहमी सांगितली जाणारी मात्रा आहे. एकरी ती ढोबळमानाने ४०, २० आणि २० किलो होते. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद एकत्र असते. पुष्कळ जण ४० ला ०.४६ ने भागून ८७ किलो युरिया काढतात आणि स्फुरदासाठी लागणारा डीएपी त्यावर वेगळा घेतात. या हिशेबात डीएपीतून आपोआप जमिनीत पडणारे नत्र मोजलेच जात नाही.

आता एकरी क्ष किलो डीएपी आणि य किलो युरिया लागतो असे मानू. स्फुरद फक्त डीएपीतून मिळणार, म्हणून ०.४६ क्ष = २०, म्हणजे क्ष सुमारे ४३.५. नत्र मात्र दोन्हींतून मिळणार, म्हणून ०.१८ क्ष + ०.४६ य = ४०. क्षची किंमत घातली की डीएपीतून आलेले नत्र ७.८ किलो भरते, उरलेल्या ३२.२ किलोंसाठी य = ७० येतो, आणि एकरी १७ किलो युरिया जास्तीचा पडत होता हे लक्षात येते. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे गोणीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हे अधिक आहे. युरिया स्वस्त असल्याने यात पैसे फार जात नाहीत. पण नत्र जास्त झाले की कांद्याची मान जाड राहते आणि असा कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, हा तोटा मोठा आहे.

डीएपी बाजारात मिळेनासा झाला की याच मांडणीचा आणखी उपयोग होतो. त्याच्या जागी १०:२६:२६ (१० टक्के नत्र, २६ टक्के स्फुरद आणि २६ टक्के पालाश असलेले खत) घ्यायचे ठरवले तर ०.२६ क्ष = २०, म्हणजे क्ष जवळजवळ ७७ किलो येतो. त्यातून पालाशही पूर्ण २० किलो मिळून जाते, नत्र ७.७ किलो मिळते, आणि युरिया पुन्हा ७० किलोच लागतो. डीएपी आणि पोटॅश (६० टक्के पालाश असलेले खत) वेगवेगळे घेतले तर त्यांचे वजन ४३.५ आणि ३३.३ मिळून तेवढेच होते. हे समजलेला शेतकरी ‘डीएपी नाही तर काहीच नको’ म्हणून माघारी जात नाही. दोन्ही पर्यायांचे भाव विचारतो आणि स्वस्त पडेल ते उचलतो.

वर लिहिलेली दोन समीकरणे म्हणजे दहावीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणातलीच जोडी आहे. या प्रकरणात उत्तम गुण मिळवलेल्या एका मुलाला मी ही खताची शिफारस दाखवली, तेव्हा त्याने विचारले, “काका, हे कुठल्या प्रकारचं उदाहरण आहे?” त्या मुलाला मी दोष देणार नाही. शाब्दिक उदाहरणे वयाची, नावेच्या वेगाची, दोन अंकी संख्येची अशा ठरीव साच्यांत शिकवली जातात आणि साचा ओळखला की पुढचे पाठ असते. साच्याबाहेरचे वाक्य समोर आले की अज्ञात काय आहे आणि ‘बरोबर’च्या चिन्हाच्या दोन बाजूंना काय लिहायचे, इथेच गाडी अडते.

शहरातही हेच दिसते. १८ टक्के जीएसटी धरून मोबाईल ११,८०० रुपयांना मिळत असेल, तर मूळ किंमत काढण्यासाठी अनेक सुशिक्षित माणसे ११,८०० मधून १८ टक्के वजा करतात आणि ९,६७६ वर येतात. मूळ किंमत क्ष धरून १.१८ क्ष = ११,८०० असे लिहिले असते तर १०,००० हे उत्तर एका ओळीत मिळाले असते.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ग्रंथात अज्ञात राशीला आधी ‘यावत्तावत्’ हे नाव द्यावे, अज्ञात अधिक असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे द्यावीत आणि मगच गणिताला लागावे, अशी रीत आहे. त्यांची उदाहरणे भुंग्यांची, फुलांची, व्यापाराची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या परिचयाची आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, आणि ते आमच्या निफाडपासून फार दूर नाही.

म्हणून शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, परीक्षेत काही प्रश्न केवळ मांडणीचे असावेत: चल कोणता धरला आणि समीकरण काय झाले एवढेच लिहायचे, सोडवायचे नाही, आणि त्याला पूर्ण गुण द्यायचे. उदाहरणांसाठी गावातल्या दुकानाचे बिल, वीजबिल, मृदा आरोग्य पत्रिका (माती तपासणीचा अहवाल), पतसंस्थेच्या कर्जाचा उतारा असे खरे कागद वर्गात आणावेत. आणि आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती: शेतीच्या पानावर खताची शिफारस छापताना तिच्याखाली गोण्यांचा हिशेब समीकरणासह द्यावा, म्हणजे घरातले शाळकरी मूलही ते पान हातात घेईल.

आपला,
एक खतविक्रेता,
ता. निफाड, जि. नाशिक