कॅझुइस्ट म्हणजे नुसता ढोंगी नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शब्दांच्या चौकटीत 'कॅझुइस्ट' म्हणजे 'ढोंगी, पळवाट काढणारा' असं छापलंय, तो अर्थ निम्माच आहे आणि तोही नंतर चिकटलेला. चहा पिताना मुलगी म्हणाली, बाबा हा 'कॅज्युअल'चा भाऊ दिसतोय, मी हसलो, मग डिक्शनरी उघडली तर कार्टी बरोबर निघाली! दोन्हीचं मूळ लॅटिन 'कासुस', म्हणजे घडलेली गोष्ट, प्रसंग. आपण कोर्टात 'केस' टाकतो ती पण त्यातलीच. म्हणजे कॅझुइस्ट हा केस बघून निवाडा सांगणारा, सरसकट एकच नियम न लावणारा.

हे आलं चर्चमधून. १२१५ साली रोमच्या धर्मपरिषदेनं ठरवलं की वर्षातून एकदा तरी पाद्र्यापुढे पापाची कबुली द्यायचीच, आणि पाद्र्यांची पंचाईत झाली. चोरी पाप हे सगळ्यांना पाठ, पण भुकेनं मरायला टेकलेल्यानं पाव उचलला तर ती चोरी धरायची का? (तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याचं उत्तर: नाही.) मग असल्या प्रसंगांची जाडजूड पुस्तकं निघाली आणि पुढे जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचे पाद्री, त्यात एकदम तरबेज झाले.

नाव बदनाम केलं ते पास्कलनं, हो तोच, शाळेतला दाबाच्या युनिटवाला. १६५६-५७ मध्ये टोपणनावानं १८ पत्रं काढून त्यानं जेझुइटांची सालटी काढली. त्यातला एक मासला बघा, द्वंद्वयुद्ध पाप आहे ना, मग आव्हान आलं की ठरल्या जागी आपलं सहज फिरायला जायचं, तिथे रेंगाळायचं, आणि समोरचा चालून आला की जीव वाचवायला तलवार उपसायची, झालं, पाप नाही! अगदी नरो वा कुंजरो वा. मासले पास्कलनं वेचून वेचून घेतले हे मान्य, पण १६७९ मध्ये खुद्द पोपनंच अशी ६५ सैल मतं निषिद्ध ठरवली, तेव्हा सगळाच कांगावा नव्हता. एस्कोबार नावाच्या स्पॅनिश जेझुइटाची तर इतकी टर उडाली की फ्रेंचमध्ये त्याच्या नावाचं क्रियापदच झालं, 'एस्कोबार्दे', शब्दांच्या आडून सटकणं.

वाईट अर्थाला आपला 'शब्दच्छल करणारा' चपखल बसतो. चांगल्या अर्थाला मला तरी 'प्रसंग पाहून निवाडा करणारा' एवढंच सुचतंय, लांबलचक आहे, पण चौकटीत जागा असेल तर पुढच्या रविवारी दोन्ही छापा.

आपला,
एक जुना वाचक