मोठा जिताडा म्हणजे मादी

महोदय,

पावसाळ्यात खाडीवर दहा-बारा किलोचा जिताडा गळाला लागला की त्याचा फोटो गावभर फिरतो, कधी आपल्या अंकातही येतो. कौतुक ठीक आहे. पण तो मासा बहुतेकदा मादी असतो, हे कुणी लिहीत नाही. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि साधारण 6 ते 8 वर्षांचा, 85 ते 100 सेंटिमीटर लांब झाला की त्याची मादी होते. पावसाळ्यात ती गाबोळी घेऊन खाडीच्या मुखाशी येते आणि तिथल्या खाऱ्या पाण्यात अंडी सोडते. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना आहे, खाडीकाठच्या गळाला नाही.

गळ टाकणाऱ्यांनी 85 सेंटिमीटरच्या पुढचा जिताडा सोडून द्यावा. गळाची उलटी नोक पक्कडीने आधीच दाबून ठेवा, म्हणजे तो ओढाताण न करता निघतो. मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका. स्वतःच्याच वजनाने जबडा निखळला तर सुटलेला मासा उपाशी मरतो. ओल्या गोणपाटावर आडवा ठेवून मापा, उचलताना दुसरा हात पोटाखाली. बोटं कल्ल्यात घालू नका, झाकणाची कड पात्यासारखी कापते. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा. शेपटी मारून तो स्वतःच निसटेल.

खाणाऱ्यांचंही यात नुकसान नाही. तीन-चार किलोच्या जिताड्याची तुकडी तव्यावर आतपर्यंत नीट शिजते. मोठ्याची जाड तुकडी बाहेरून कोरडी पडते आणि काट्याजवळ कच्ची राहते. अर्ध्या इंचाच्या तुकड्या करा. हळद, मीठ, कोकमाचं आगळ वीस मिनिटं पुरे, जास्त ठेवल्यास मासा पाणी सोडतो आणि रवा धरत नाही. डोकं कालवणात घालायचं (ते फुकट घालवणाऱ्याला जिताडा कळलाच नाही!) तर कल्ले पूर्ण काढा, नाहीतर रस्सा कडवट होतो.

पेण-अलिबागकडच्या गोड्या तळ्यांतल्या जिताड्याला हे लागू नाही. तिथे त्याची वीण होतच नाही, तेव्हा तो कितीही मोठा झाला तरी खुशाल खा. खाडीसाठी मात्र मत्स्यव्यवसाय विभागाने कमाल लांबी ठरवावी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये याच माशासाठी 58 ते 120 सेंटिमीटर अशी दोन्ही टोकांची मर्यादा आहे. आपल्याकडे चर्चा होते ती फक्त लहान मासळीची.

– एक वाचक, अलिबाग