दादा, काल टाकीत मासे सोडले

प्रिय दादा,

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच "नायट्राइट किती आलं ते सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांदेखत लिहितोय. काल संध्याकाळी दोन्ही क्लाउनफिश खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत सोडले. आज सकाळी लाइट लागायच्या आधीच दोघं काचेपाशी येऊन उभे होते.

तुम्हाला पहिला फोन केला तो दिवस मला पक्का आठवतो. टाकीत पाणी भरून तिसरा दिवस होता. वाळू बसली होती, दगड रचून झाले होते आणि पाणी आरशासारखं नितळ दिसत होतं. एका विक्रेत्याने सांगितलं होतं, "एक डॅमसेल सोडून द्या, चिवट असतो, त्याच्यावर टाकी तयार होते." मी निघालोच होतो. कुठला डॅमसेल मासा घेऊ, एवढंच विचारायला तुम्हाला फोन लावला. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडणार. तो खाणारं कुणी आहे का तुझ्या पाण्यात?"

गोड्या पाण्यातले मासे मी दहा वर्षं सांभाळले होते, तरी हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता. खाऱ्या पाण्याचा पीएच ८च्या वर असतो, त्यामुळे तेवढाच अमोनिया तिथे जास्त जहाल ठरतो, हे तुम्ही त्याच फोनवर समजावलंत. चिवट मासा तगतो म्हणजे काय, तर त्याचे कल्ले भाजतात आणि तो ते सोसतो. त्यानंतर दुकानाकडे जायला पाय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. तुमच्या जुन्या टाकीतला मूठभर आकाराचा लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेला जिवंत दगड, खाऱ्या पाण्याने भिजवलेल्या कागदात गुंडाळून आणला होता. माझे दगड सगळे कोरडे, निर्जीव. त्यांच्यात तो जांभळट तुकडा ठेवताना "हे विरजण" म्हणालात. सगळं त्या एका शब्दात कळलं. मासा न घालता अमोनियम क्लोराइडच्या थेंबांनी अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) आणायचा आणि जिवाणू वाढायची वाट बघायची. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ४ ते ६ आठवडे लागतील म्हणालात.

त्याच भेटीत तुम्ही माझा रिफ्रॅक्टोमीटर, पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र, हातात घेतलात. मी तो आरओच्या पाण्यावर शून्याला लावून निर्धास्त होतो. तुम्ही खिशातून छोटी बाटली काढलीत, ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावण. ते विशिष्ट गुरुत्वाच्या पट्टीवर १.०२६च्या थोडं वर दिसायला हवं होतं, माझ्या यंत्रात १.०२३ दिसलं. म्हणजे मी १.०२५ समजून जे पाणी बनवलं होतं ते खरं १.०२८च्या आसपास होतं. जिथे मोजायचं तिथेच यंत्र लावून घ्यायचं, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नाही. खारं पाणी थोडं काढून तेवढंच आरओचं पाणी घालत आपण दोन दिवसांत ते खाली आणलं. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, हे सांगून काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून गेलात. ती पट्टी अजून तिथेच आहे.

मग सुरू झाली ती अमोनियाची रोजची चाचणी: नळीतलं पाणी हिरवं म्हणजे अमोनिया आहे, पिवळं म्हणजे संपला. पहिला आठवडा मी रात्री घरातल्या पिवळ्या दिव्याखाली नळी धरायचो आणि हिरवट पाणीही मला पिवळंच दिसायचं. "दिवसाच्या उजेडात बघ, नळीमागे पांढरा कागद धर" म्हणालात. पहिल्यांदा तसं बघितलं तेव्हा दाट हिरवा रंग होता. सोळाव्या दिवशी त्यात पोपटी छटा आली, विसाव्या दिवशी नळी लिंबासारखी पिवळी. खिडकीशी उभा राहून ती नळी मी किती वेळ फिरवत होतो! डोळ्यांना न दिसणारा जीव काम करतोय हे मला तिथे, त्या पाच मिलिलिटर पाण्यात दिसलं.

नायट्राइट मात्र हटेना. वरून नायट्रेटचा आकडा इतका मोठा आला की मी घाबरून सगळं पाणी बदलायला निघालो. पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी फसवा, फुगलेला आकडा दाखवते, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते केलंच असतं. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं बाधत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि तरीही ते उतरेपर्यंत थांबायला लावलंत. मधेच वाळूवर तपकिरी थर आला, त्याचा फोटो रात्री साडेअकराला पाठवला. "डायटम आहे. नव्या टाकीत येतोच. लाइट कमी कर, झोप." डायटम म्हणजे सूक्ष्म शेवाळ. खरंच काही आठवड्यांत तो ओसरला.

चौतिसाव्या दिवशी २ पीपीएम अमोनिया घातला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. निम्मं पाणी बदललं आणि तुम्हाला फोन केला. वाटलं, आता तरी मासे. तुम्ही म्हणालात, "टाकी तयार झाली. मासे अजून नाहीत."

नव्या माशांना काही रोग नाही ना हे बघायला आधी वेगळं ठेवायचं होतं. तुमची ४० लिटरची टाकी चार आठवडे माझ्या घरी राहिली ती त्यासाठी. सायकल, म्हणजे जिवाणू वाढवायचं ते काम, चालू असताना माझ्या टाकीच्या मागच्या कप्प्यात तुम्ही एक स्पंज टाकायला लावला होतात, तो का, हे मला तेव्हा समजलं. त्यात जिवाणू बसले होते, तोच आयता गाळणी म्हणून कामी आला. दोन लहान क्लाउनफिश घे, एक जरा मोठा एक छोटा, म्हणालात, म्हणजे मोठ्याची मादी होईल आणि भांडणं कमी होतील. दोघांच्या अंगावर एक पांढरा ठिपका आला नाही की खाणं सुटलं नाही, तरी ठरलेले दिवस तुम्ही एकानेही कमी होऊ दिले नाहीत.

तुमच्या धीराबद्दल, त्या मूठभर दगडाबद्दल आणि रात्री उचललेल्या प्रत्येक फोनबद्दल मनापासून आभार. तुमची टाकी धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे, रविवारी आणून देतो. एक नवा स्पंज मागच्या कप्प्यात टाकून ठेवलाय. पुढच्या वेळी कुणी तिसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला, तर स्पंज न्यायला त्याला माझ्याकडे पाठवा.

तुमचा,
धाकटा भाऊ