गावं जरूर, पण श्रेय द्यावं

महोदय,

जुनं गाणं नव्या आवाजात आलं की ‘मूळ गाण्याची वाट लावली’ अशी ओरड लगेच सुरू होते. मला ती पटत नाही. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे गाणं अमेरिकी गायिका डॉली पार्टन यांनी गायक पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना लिहिलं. १९७४ साली आलेलं त्यांचं गाणं साधं, हळुवार आहे, एक कडवं तर चक्क बोलून म्हटलेलं. एल्व्हिस प्रेस्ली ते गाणार होते, पण त्यांच्या मॅनेजरने हक्कांत निम्मा वाटा मागितला आणि डॉलींनी ठाम नकार दिला. केवढी हिंमत! १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच गाणं सुरुवातीला एकाही वाद्याविना गायलं. पुढे तो आवाज असा काही झेपावतो की हे सगळं मूळ चालीत दडलं होतं याचंच नवल वाटतं. अमेरिकेत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि हक्क राखल्यामुळे त्याची रॉयल्टी डॉलींना मिळाली.

आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी, म्हणजे जुनं गाणं नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करण्यासाठी, मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबण्याची आणि आगाऊ रॉयल्टी देण्याची अट आली. तरीही समाजमाध्यमांवर जुन्या मराठी गाण्यांखाली अनेकदा फक्त नव्या गायकाचं नाव असतं. नव्या मुलांनी जरूर गावं, चाल हवी तशी फुलवावी, पण गीतकार आणि संगीतकाराचं नाव पहिल्याच ओळीत लिहावं. संगीत ॲपवाल्यांनीही ते सक्तीचं करावं.

— एक वाचक, सांगली