फिल्टर लपवायला प्लास्टिक कशाला, जिवंत झाडं आहेत की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत हॉल सजवण्यावर जो लेख आला होता त्यात फिश टँकबद्दल जेमतेम दोन वाक्यं होती, की टँकमधला फिल्टर, हीटर आणि नळ्या दिसायला वाईट दिसतात म्हणून त्यांच्यापुढे प्लास्टिकची दाट झाडं लावून टाका. बाकी लेख छान होता पण हे वाचून राहवलं नाही, कारण असं वाचून लोक खरंच तसं करतात आणि मग मासे मरायला लागले की टँक गच्चीवर जाऊन पडतो.

प्लास्टिकच्या झाडांची पानं कडेला धारदार असतात. जुनी शिफॉनची ओढणी त्या पानावरनं ओढून बघा, धागा अडकला तर फायटर माशाचं शेपूट पण फाटणार हे नक्की. शिवाय महिन्या-दोन महिन्यांत त्यावर शेवाळ चढतं आणि मग ते झाडच फिल्टरपेक्षा जास्त घाण दिसतं. जिवंत झाड उलट काम करतं, माशांच्या घाणीतनं जो अमोनिया आणि नायट्रेट तयार होतो तो खाऊन वाढतं.

मागच्या काचेला लागून फिल्टर असेल तर त्याच्यासमोर व्हॅलिस्नेरिया लावा, दुकानात वॅली म्हणून मागितलं तरी मिळते. रिबिनीसारखी लांब पानं वर पाण्यापर्यंत जातात आणि ती बाजूला धुमारे सोडत स्वतःच पसरते, त्यामुळे थोडी रोपं आणली तरी पडदा तयार होतो. ही आपल्याकडच्या तळ्या-नद्यांत वाढणारीच वनस्पती आहे, आपलं पाणी आणि आपलं हवामान तिला मानवतं. कधी फुलली तर जवळ जाऊन बघाच. मादी फूल बारीक लांब देठावर वर पाण्याच्या पातळीपर्यंत येतं, नर फुलं खाली बुडाशीच सुटी होऊन तरंगत वर येतात आणि मादी फुलाला जाऊन भिडतात, आणि ते झालं की देठ वेटोळं घालून फळाला परत पाण्याखाली ओढून घेतो. हे सगळं हॉलमधल्या काचेत घडतं आणि आपण तिथे प्लास्टिक लावायचं म्हणतोय!

नळ्या आणि स्पंज फिल्टरसाठी जावा फर्न किंवा अनुबियास. ही लाकडाच्या तुकड्याला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची आणि तो तुकडा फिल्टरसमोर ठेवायचा, म्हणजे सफाईच्या वेळी उचलून बाजूला करता येतो. यांचं जाड आडवं खोड रेतीत पुरलं की सडतं, दुकानदार हे सांगत नाहीत. घरात गोल्डफिश असतील तर हीच लावा, पानं चिवट असल्यामुळे सहसा टिकतात, मऊ झाडं गोल्डफिश साफ करून टाकतात. वरच्या वायरी आणि टॉप फिल्टर झाकायला घरातला मनी प्लांटच पुरतो, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात, फक्त मुळं फिल्टरच्या तोंडात शिरत नाहीत ना ते बघत राहायचं.

आता मुद्द्याचं. यंत्र डोळ्यांना दिसू नये पण पाण्याला त्याच्यापर्यंत मोकळं जाता यावं. हीटरला झाडांनी गच्च वेढलं की त्याच्याभोवतीचंच पाणी गरम होतं, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं आणि तो बंद होतो, टँकचं दुसरं टोक गारच राहतं. निफाडच्या थंडीत हे माशांच्या जिवावर बेततं. पान हीटरच्या काचेला टेकलं तर तेही भाजतं. म्हणून चारी बाजूंनी निदान चार बोटं जागा सोडा आणि फिल्टरचं पाणी हीटरवरनं जाईल असं बघा. फिल्टर जिथनं पाणी ओढतो तिथे स्पंज लावा, नाहीतर वॅलीचं तुटलेलं पान आत जाऊन अडकतं आणि पाणी फिरणं मंदावतं. आणि झाडं आहेत म्हणून रात्री एअर पंप बंद करणारे बरेच जण आहेत, त्यांना कळकळीने सांगायचंय की अंधारात झाडं पण ऑक्सिजनच घेतात.

अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त टोचते, ती म्हणजे छाटलेली झाडं नदीत किंवा तलावात टाकणं. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतनं शोभेसाठी म्हणूनच जगभर गेली आणि आज मुळा-मुठा, पंचगंगेत काय झालंय ते आपण बघतोच. केरळात कोझिकोडजवळ अवळ पांडीला 2020 मध्ये गुलाबी फुलांनी भरलेलं पाणी बघायला लोकांची झुंबड उडाली होती, ती फुलं काबोंबाची होती, म्हणजे टँकमध्ये लावतात तीच परदेशी वनस्पती. छाटणी वाळवून कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाका, छान खत होतं. तसंच उलटंही नको, क्रिप्टोकोरायन या टँकमध्ये लावायच्या वनस्पतीच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत वाढतात, दिसल्या की उपटून आणायच्या नाहीत, विक्रेत्याकडे लागवडीतली मागायची. आणि आणल्यावर तिची सगळी पानं विरघळली तर घाबरून फेकू नका, मुळं जिवंत असतात, काही आठवड्यांत नवीन पान येतं.

त्या दोन वाक्यांची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी ही विनंती, आणि जमलं तर एखाद्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांकडनं टँकमध्ये लावता येतील अशा देशी पाणवनस्पतींवर एक लेख लिहून घ्यावा, फोटोंसकट.

आपली,
एक वाचक, नाशिक